खटल्याशिवाय कैद: अमेरिकन लष्कराला हा अधिकार दिला कुणी?

१० एप्रिल २०२५ ला २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीत आणलं आणि जुनी चर्चा नव्याने सुरू झाली. ‘आता पुन्हा खटला, पुन्हा वकील, पुन्हा तारखांवर तारखा! अमेरिका बघा, ग्वांतानामोला नेऊन टाकलं की विषय संपला.’ कसाबच्या वेळीही हेच बोललं जायचं, वर तोंडी लावायला त्याच्या तुरुंगातल्या बिर्याणीची गोष्ट. (ती गोष्ट आपणच रचली होती असं सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगून टाकलं. तरी ती अजून चालतेच.)

गंमत अशी की खुद्द राणाला अमेरिकेने ग्वांतानामोला, म्हणजे क्यूबातल्या आपल्या तळावरच्या लष्करी तुरुंगात, नेलंच नव्हतं. त्याच्यावर शिकागोच्या फेडरल कोर्टात ज्यूरीपुढे खटला चालला. डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावरच्या हल्ल्याच्या कटात आणि लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल तो दोषी ठरला, मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून मात्र सुटला. मग ग्वांतानामोला कोण गेलं? कोणत्या कायद्याने? आणि ‘विषय संपला’ का?

याबद्दल दोन समज पक्के बसलेले दिसतात. एक, यामागे कायदा वगैरे काही नाही, ही निव्वळ दादागिरी आहे. दुसरा, युद्धात सगळं चालतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. कायदा आहे, कोर्टांनी तो तपासून बऱ्याच अंशी मान्यही केला आहे. तो कुठवर ताणला गेला, ते पाहण्यासारखं आहे.

कैद दोन प्रकारची

तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुन्हा, आरोपपत्र, खटला, शिक्षा असा क्रम येतो. युद्धातल्या कैदेचा हिशेब वेगळा. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली आणि सुमारे ९३ हजार माणसं भारताच्या ताब्यात आली. त्यांतल्या साध्या जवानांवर भारताने खटले भरले नाहीत आणि त्यांचा गुन्हा काय, असं कुणी विचारलंही नाही. शत्रूच्या सैन्यात असणं हा गुन्हा नव्हेच. सैनिकाला धरून ठेवायचं ते एवढ्यासाठी, की सोडला तर उद्या पुन्हा बंदूक घेऊन समोर उभा राहील. लढाई थांबली की हे कारणच उरत नाही. म्हणून १९४९ च्या तिसऱ्या जीनिव्हा कराराचं ११८ वं कलम म्हणतं की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब सोडून घरी पाठवा. (भारताने विलंब केला, हे खरं. बांगलादेशला मान्यता आणि युद्धगुन्ह्यांचे खटले यांवर घोडं अडलं होतं. सिमला करार झाला, मग दिल्ली करार झाला आणि शेवटची तुकडी १९७४ मध्ये वाघा ओलांडून गेली.)

म्हणजे या कैदेला खटला लागत नाही. तिची मुदतही आधी ठरलेली नसते, पण शेवट ठरलेला असतो: युद्ध संपलं की सुटका. अमेरिकेने २००१ नंतर सैनिकांसाठीची ही व्यवस्था उचलून अशा लोकांना लावली, जे बहुतेक कुठल्याच देशाच्या सैन्यात नव्हते. खटला न लागण्याचा भाग सहज लागू झाला. शेवटाचा भाग लागू करायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली, कारण ‘दहशतवादाविरुद्धचं युद्ध’ संपल्याच्या कागदावर सही करणार कोण?

साठ शब्दांचा कायदा

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १४ सप्टेंबर २००१ ला, अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा कायदा मंजूर केला. प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १, सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०. विरोधाचं ते एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. १८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली.

या कायद्याचा गाभा म्हणजे साठ शब्दांचं एकच वाक्य. आशय असा: ज्या देशांनी, संघटनांनी किंवा व्यक्तींनी हा हल्ला आखला, मंजूर केला, घडवला किंवा त्याला मदत केली, आणि ज्यांनी अशांना आसरा दिला, असं राष्ट्राध्यक्ष ठरवतील, त्यांच्याविरुद्ध ‘आवश्यक आणि योग्य ते सर्व बळ’ त्यांनी वापरावं. बस्स. यात अल-कायदाचं नाव नाही, अफगाणिस्तानचं नाही, मुदत नाही. आणि ज्याच्यासाठी आपण हा कायदा वाचतोय त्या कैदेचा, स्थानबद्धतेचा, तर उल्लेखही नाही.

मग अधिकार आला कुठून? समजा, परदेशी असलेल्या थोरल्या भावाने धाकट्याला शेताचं कुलमुखत्यारपत्र करून दिलं: शेतीचा सगळा व्यवहार तू बघ. धाकट्याने गडी लावले, उधारीवर बियाणं आणलं, मोटर दुरुस्त करून घेतली. यातलं काहीच कागदात लिहिलेलं नाही, पण शेती बघायची म्हणजे ते आलंच. उद्या त्याने शेतच विकायला काढलं तर मात्र सब-रजिस्ट्रार कागद उलटून पाहणार आणि विचारणार, विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय कुठे? अमेरिकन कोर्टांपुढे नेमका हाच प्रश्न होता. ‘बळ वापरा’ म्हटल्यावर माणसं कोंडून ठेवणं हे बियाणं आणण्यासारखं ओघाने येतं, की शेत विकण्यासारखं वेगळं लिहून द्यावं लागतं?

प्रश्न आणखी अवघड करणारा एक जुना कायदा होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्याची लाज वाटून १९७१ मध्ये काँग्रेसने नियम केला की संसदेच्या कायद्याचा आधार असल्याशिवाय कुठल्याही अमेरिकन नागरिकाला कैदेत ठेवता येणार नाही.

भाड्याची जागा

११ जानेवारी २००२ ला पहिले २० कैदी ग्वांतानामोला उतरले आणि जाळीच्या उघड्या पिंजऱ्यांत ठेवले गेले. पुढे ही संख्या एकूण ७८० च्या आसपास गेली.

क्यूबाच्या टोकाला असलेली ही जागा अमेरिकेकडे १९०३ पासून भाडेपट्ट्याने आहे. करारानुसार अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचं, ताबा आणि कारभार पूर्णपणे अमेरिकेचा. वर्षाला ४०८५ डॉलर भाड्याचा चेक अजून जातो आणि क्यूबाचं सरकार तो वटवत नाही. हा विचित्र दर्जाच अमेरिकन सरकारला हवा होता. अमेरिकेच्या भूमीवर ठेवलेला कैदी हेबियस कॉर्पसची याचिका करू शकतो. म्हणजे कोर्टाला सांगू शकतो की मला धरलंय त्यांना कोर्टात बोलवा आणि कोणत्या आधारावर धरलंय ते विचारा. १९५० च्या एका निकालात, जर्मनीत अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जर्मन कैद्यांना हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला होता. ग्वांतानामोही परदेशच, मग कोर्टाचा संबंध येत नाही, असा सरकारी वकिलांचा हिशेब. अडीच वर्षं तो चालला.

हमदी: सगळ्या वादाचा पाया

यासर हमदी लुइझियानात जन्मला, लहानपणीच कुटुंबाबरोबर सौदी अरेबियात गेला आणि तिथेच वाढला. २००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानात तो नॉर्दर्न अलायन्स या तालिबानविरोधी आघाडीच्या हाती लागला आणि त्यांनी त्याला अमेरिकनांच्या स्वाधीन केलं. ग्वांतानामोला नेल्यावर कळलं की हा तर अमेरिकन नागरिक! मग त्याला अमेरिकेतल्याच नौदलाच्या तुरुंगात हलवलं आणि एकांतात ठेवलं. वकील नाही, आरोपपत्र नाही. त्याच्या वडिलांनी कोर्टात धाव घेतली: मुलगा मदतकार्यासाठी गेला होता आणि तिथे पोचून दोन महिनेही झाले नव्हते. सरकारने उत्तरादाखल संरक्षण खात्यातल्या मायकेल मॉब्स नावाच्या अधिकाऱ्याचं निवेदन दिलं. हमदी तालिबानच्या तुकडीत होता आणि त्याच्याकडे रायफल होती, असं त्यात लिहिलं होतं. हे निवेदन दोन पानांचं होतं आणि मॉब्स यांनी स्वतः यातलं काही पाहिलं नव्हतं. सरकारचं म्हणणं असं की कोर्टाने हे वाचावं आणि प्रकरण मिटवावं.

२८ जून २००४ ला निकाल लागला. नऊ न्यायमूर्ती आणि चार मतं, म्हणून बातम्यांत त्याचा विचका झाला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर आणि त्यांच्याबरोबरचे तिघे म्हणाले: शत्रूचा लढवय्या पुन्हा रणांगणात उतरू नये म्हणून त्याला धरून ठेवणं हा युद्ध करण्याचाच मूलभूत भाग आहे, त्यामुळे ‘सर्व बळ’ यात ते आलंच. म्हणजे बियाण्याच्या बाजूने कौल. न्यायमूर्ती थॉमस यांना तर सरकारचं सगळंच मान्य होतं. चार आणि एक पाच, बहुमत झालं. १९७१ च्या कायद्याला हवा असलेला संसदेचा आधार या साठ शब्दांत सापडला.

पण ओकॉनर पुढे लिहितात की कैदी खरोखर लढवय्या होता का, हे ठरवताना त्याला आरोपाचा आधार कळला पाहिजे आणि तटस्थ अधिकाऱ्यापुढे तो खोडून काढायची संधी मिळाली पाहिजे. युद्ध चालू आहे म्हणून राष्ट्राध्यक्षांना नागरिकांच्या हक्कांबाबत कोरा चेक मिळत नाही, हे त्यांचं वाक्य गाजलं.

माझ्या मते या निकालातलं सर्वांत सरळ मत न्यायमूर्ती स्कालिया यांचं आहे, आणि ते कट्टर पुराणमतवादी म्हणून ओळखले जात. नागरिक शत्रूला मिळाला असं वाटत असेल तर त्याच्यावर देशद्रोहाचा खटला भरा. ते जमत नसेल तर संसदेकडून हेबियस कॉर्पस रीतसर स्थगित करून घ्या, बंडाच्या किंवा आक्रमणाच्या काळात राज्यघटना ती मुभा देते. तिसरा मार्ग नाही, असं ते म्हणाले. अल्पमतात राहिले.

हमदीचं काय झालं? सुनावणी घ्यायची वेळ आली तेव्हा सरकारने ती घेतलीच नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये नागरिकत्व सोडायला लावून त्याला सौदीला पाठवून दिलं. ज्याला साध्या वकिलाला भेटू देणंही सुरक्षेला घातक वाटत होतं, तो विमानात बसून घरी गेला.

कोर्ट आणि काँग्रेस यांची रस्सीखेच

त्याच दिवशी दुसऱ्या निकालात, रसूल खटल्यात, कोर्टाने सांगितलं की ग्वांतानामोचे परदेशी कैदीही याचिका करू शकतात. यावर काँग्रेसने २००५ मध्ये कायदा करून ते दार लावलं. २००६ मध्ये हमदान खटल्यात कोर्टाने ते किलकिलं केलं, काँग्रेसने पुन्हा कडी घातली. शेवटी १२ जून २००८ ला ब्यूमेडियन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: ग्वांतानामोवर प्रत्यक्ष ताबा अमेरिकेचाच आहे, तिथल्या कैद्याचा हेबियस कॉर्पसचा हक्क थेट राज्यघटनेतून येतो, तेव्हा साध्या कायद्याने तो काढून घेता येणार नाही.

लखदार ब्यूमेडियन हा अल्जीरियात जन्मलेला माणूस बोस्नियात राहत होता. तिथल्या कोर्टाने पुराव्याअभावी सोडायला सांगितलं आणि सुटकेच्या वेळीच त्याला अमेरिकेच्या ताब्यात दिलं गेलं. रणांगण त्याने पाहिलंच नव्हतं. निकालानंतर काही महिन्यांतच न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी सरकारचा पुरावा तपासून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोवर त्याची सात वर्षं आत गेली होती.

आचारी आणि ड्रायव्हर

याच लिऑन यांच्यापुढे गालेब अल-बिहानी या येमेनी कैद्याची याचिका आली. तो तालिबानच्या बाजूने लढणाऱ्या एका अरब तुकडीत मदतनीस आचारी होता. तुकडीने दिलेली बंदूक त्याच्याकडे होती, पण लढाईत ती झाडली नव्हती. सैन्य पोटावर चालतं, असं नेपोलियन म्हणायचा याची आठवण करून देत लिऑन यांनी त्याची याचिका फेटाळली. जानेवारी २०१० मध्ये वरच्या कोर्टाने शिक्कामोर्तब केलं. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काढणं कठीण आहे. नेहमीच्या युद्धातही शत्रूसैन्याचा आचारी युद्धकैदीच होतो.

आता दुसरा माणूस पाहा. सालीम हमदान, खुद्द ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर. त्याच्यावर लष्करी न्यायाधिकरणात खटला चालला, ऑगस्ट २००८ मध्ये तो दोषी ठरला आणि ६६ महिन्यांची शिक्षा झाली. आधी काढलेले ६१ महिने त्यातून वजा झाले. वर्ष संपायच्या आत त्याला येमेनला पाठवलं. आचाऱ्यावर कसलाच आरोप नव्हता, त्यामुळे त्याला शिक्षाही नव्हती, त्यामुळे ती संपणारही नव्हती. तो जानेवारी २०१७ मध्ये ओमानला गेला. बिन लादेनची गाडी चालवणारा त्याच्या आठ वर्षं आधी सुटला होता.

ग्वांतानामोचा कायदा एका प्रकरणात समजून घ्यायचा असेल तर मी हेच दोघे सांगेन.

ओ’हेअर विमानतळ, दोन वेळा

अमेरिकेतच पकडलेल्या माणसाला लष्कर असं ठेवू शकतं का? मे २००२ मध्ये शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर होसे पडिया या अमेरिकन नागरिकाला अटक झाली. किरणोत्सारी बॉम्ब फोडायचा त्याचा बेत होता, असं जाहीर झालं. महिनाभरात त्याला लष्कराच्या हवाली केलं आणि साडेतीन वर्षं खटल्याविना ठेवलं. प्रकरण दुसऱ्यांदा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आलं तेव्हा सरकारने त्याला घाईने साध्या कोर्टात उभं केलं. तिथल्या आरोपपत्रात त्या बॉम्बचा उल्लेखही नव्हता. वेगळ्याच आरोपांवर तो दोषी ठरला.

ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच विमानतळावर डेव्हिड हेडलीला पकडलं. तोही अमेरिकन नागरिक. मुंबईत ताज, ओबेरॉय, छाबड हाउस यांची रेकी करून आलेला. त्याला लष्कराकडे दिलं नाही. एफबीआयने चौकशी केली, वकील दिला, त्याने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. त्याला फाशी झाली नाही, भारताच्या हवाली केलं नाही, याचा राग मुंबईकरांना आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण कटाची आतली माहिती त्याच्या कबुलीतून आणि २०१६ मध्ये मुंबईच्या कोर्टात व्हिडिओवरून दिलेल्या साक्षीतून मिळाली.

या दोन अटकांच्या मधल्या काळात कायदा स्पष्ट झाला होता का? नाही, आणि आजही नाही. ३१ डिसेंबर २०११ ला ओबामांनी सही केलेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात, १०२१ व्या कलमात, काँग्रेसने प्रथमच लेखी म्हटलं की अल-कायदा, तालिबान आणि त्यांच्या ‘सहयोगी फौजां’च्या लोकांना युद्ध संपेपर्यंत खटल्याविना ठेवता येईल. म्हणजे दहा वर्षांनी मुखत्यारपत्रात ती ओळ घातली. पण त्याच कलमात पुढे लिहिलं की नागरिकांबद्दल आणि अमेरिकेत पकडलेल्यांबद्दल जो काही कायदा आज आहे त्यात यामुळे बदल होत नाही. तो ‘आजचा कायदा’ नेमका काय, यावर खासदारांचं एकमत नव्हतं, म्हणून वाद टाळून प्रश्न कोर्टावर ढकलला. संसद कुठलीही असो, ही युक्ती ओळखीची वाटते.

‘ते गणवेश घालत नाहीत, मग त्यांना नियम कशाला?’

हा आक्षेप वजनदार आहे. जो युद्धाचे नियम पाळत नाही त्याला युद्धकैद्याचा मान मिळत नाही, हे जीनिव्हा करारातही बसतं. बुश सरकारने मात्र या लोकांना कोंडायला युद्धाचा कायदा वापरला आणि त्याच कायद्यातलं कैद्याचं संरक्षण नाकारलं. गणवेश नसलेल्यांच्या बाबतीत चूक होण्याची शक्यता उलट जास्त असते. गणवेशातला सैनिक स्वतःच आपली ओळख सांगतो. इथे शेजाऱ्याने किंवा एखाद्या टोळीच्या म्होरक्याने बोट दाखवलं की माणूस शत्रू ठरत होता. अमेरिकेने अफगाणिस्तानात बक्षिसांची पत्रकं टाकली होती, हेही लक्षात घ्या. संशय असेल तर न्यायाधिकरणापुढे दर्जा ठरवा, हा जीनिव्हाचा नियम अमेरिकेने १९९१ च्या आखाती युद्धात पाळला होता. २००२ मध्ये पाळला नाही. २००६ च्या हमदान निकालात कोर्टाने सांगितलं की करारांतलं किमान माणुसकीच्या वागणुकीचं कलम या कैद्यांनाही लागू आहे.

‘सोडलं तर परत लढायला जातात’

काही जण जातात. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांच्याच अहवालांनुसार सुटलेल्यांपैकी साधारण सहातला एक पुन्हा अशा कारवायांत सापडला आहे. म्हणून कुणालाच सोडू नये असं म्हणायचं, तर उरलेल्या पाचांना कशासाठी ठेवायचं हेही सांगावं लागेल. सोडलेल्यांतले बहुसंख्य कोर्टाच्या आदेशाने सुटलेलेही नाहीत. सरकारनेच त्यांना पाठवलं, आणि त्यातले बरेच बुश यांच्या काळात.

‘खटले फार वेळ खातात’

कसाब २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पकडला गेला. आर्थर रोडमधलं विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज हे सगळं होऊन २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. चार वर्षं पुरी व्हायच्या आत. अमेरिकेवरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणवला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये रावळपिंडीत सापडला. तो आधी सीआयएच्या गुप्त तुरुंगांत होता, तिथे त्याला १८३ वेळा पाण्याने गुदमरवलं गेलं. अशा छळातून आलेलं काय पुरावा म्हणून चालणार, यावरच लष्करी न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं वाद झाले. जुलै २०२४ मध्ये कबुलीजबाबाच्या बदल्यात फाशी नाही असा समझोता झाला, दोनच दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो मागे घेतला, आणि २०२५ च्या जुलैत अपील कोर्टाने ते मागे घेणं वैध ठरवलं. पकडून दोन दशकं उलटली, तरी त्याच्या खटल्याची खरी सुनावणी सुरू झालेली नव्हती.

युद्ध संपलं का?

ऑगस्ट २०२१ मध्ये शेवटचा अमेरिकन सैनिक काबूलहून निघाला. कैद्यांच्या वकिलांनी लगेच विचारलं, आता तरी? सरकारचं उत्तर: अफगाणिस्तान सोडलं, अल-कायदाशी युद्ध चालूच आहे. कोर्टांनी साधारणपणे हे मान्य केलं. युद्ध चालू आहे की नाही हे ठरवणं सरकारचं आणि काँग्रेसचं काम, आम्ही त्यात पडत नाही, असा त्यांचा कल आहे.

एक अपवाद मात्र झाला. असदुल्ला हारून गुल हा अफगाण कैदी गुलबुद्दीन हिकमतयारच्या हिज्ब-ए-इस्लामीचा होता. त्या संघटनेने २०१६ मध्येच काबूल सरकारशी तह केला होता. मग तिच्याशी अमेरिकेचं युद्ध कसलं उरलं? गुजरातेतल्या पाटणमध्ये जन्मलेले वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची कैद बेकायदा ठरवली. २०२२ च्या जूनमध्ये तो घरी गेला. तह करणारी संघटना असली की शेवटाचा नियम असा काम करतो. अल-कायदाशी तह कोण करणार?

आणि आपल्याकडे?

भारतीय सेनेला असा अधिकार नाही. ज्याच्यावर एवढी टीका होते त्या अफस्पाच्या, म्हणजे सेनेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, पाचव्या कलमातही, पकडलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या हवाली करायचं बंधन आहे. प्रत्यक्षात ते किती पाळलं गेलं, यावर ईशान्येत आणि काश्मीरमध्ये विचारा. पण कागदावर सेनेचा तुरुंग नाही.

म्हणून फार शेखी मिरवू नये. अमेरिकेला जे एका कायद्यातून ओढूनताणून काढावं लागलं, ते आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात सरळ छापलेलं आहे: प्रतिबंधक स्थानबद्धता, खटल्याशिवाय. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ती बारा महिन्यांपर्यंत, सल्लागार मंडळाच्या तपासणीसह. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवडा आणि नाशिकरोडचे तुरुंग कुणी भरले होते, हे महाराष्ट्रातल्या अनेक घरांना माहीत आहे. हेबियस कॉर्पसही बंद, असं १९७६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी म्हटलं होतं. ते एक मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं. तो निकाल औपचारिकपणे रद्द व्हायला २०१७ उजाडलं. आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला कागदोपत्री चालू असतो आणि आरोपी वर्षानुवर्षं जामिनाविना आत असतो, ही तर वेगळीच वाट.

आज तिथे कोण आहे?

ओबामांनी जानेवारी २००९ मध्ये, आल्या आल्या, एका वर्षात ग्वांतानामो बंद करायचा आदेश काढला होता. काँग्रेसने कैद्यांना अमेरिकेत आणायलाच मनाई केली आणि तो आदेश कागदावर राहिला. तरी हळूहळू माणसं जात राहिली. जानेवारी २०२५ मध्ये ११ येमेनी ओमानला गेल्यावर १५ उरले: सात लष्करी खटल्यांत अडकलेले, दोन शिक्षा झालेले, तीन सोडायला हरकत नाही असं सरकारनेच ठरवलेले, आणि तीन असे की ज्यांच्यावर खटला नाही आणि सोडायचंही ठरलेलं नाही. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी स्थलांतरितांना त्या तळावर ठेवण्याचा आदेश काढला. तो वेगळ्या कायद्याचा विषय आहे, इथे त्याची गल्लत नको.

त्या शेवटच्या तिघांत अबू झुबैदा आहे. तो मार्च २००२ मध्ये फैसलाबादला पकडला गेला आणि अल-कायदाचा बडा नेता म्हणून त्याचं नाव तेव्हा जगभर छापून आलं. पुढे कोर्टातल्या कागदपत्रांत सरकारने तो अल-कायदाचा सदस्य होता हा दावा धरून ठेवला नाही. त्याच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झालेलं नाही. त्याला ठेवण्याचा आधार म्हणून सरकार २००१ च्या त्या साठ शब्दांकडेच बोट दाखवतं. २०१९ मध्ये दुसऱ्या एका कैद्याची याचिका ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला तेव्हा न्यायमूर्ती ब्रायर यांनी टिपण जोडलं होतं की हे साठ शब्द माणसाला जन्मभर ठेवायला पुरतात का, हा प्रश्न हाती घ्यायची वेळ केव्हाच आली आहे. ब्रायर २०२२ मध्ये निवृत्त झाले. काँग्रेसने तो कायदा अजून रद्द केलेला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न अजून ऐकायला घेतलेला नाही.